बाबुलालचा हुकूम आणि उरलेली पावलं

बाबुलालच्या आवाजाची गोष्ट सांगायची तर शाळेपासून सुरू करावी लागते. मी तिसरीत दोनदा बसलो, तो पहिल्यांदाच आला, अशी आमची जोडी जमली. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, तो कोणीतरी चोरून नेला. मास्तरांनी बाबुलालला पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, "मार हाक." त्यानं मारली. गावातले पोट्टे तर आलेच, पण नदीच्या काठावर चरणारी आमची म्हैससुद्धा मान वर करून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तर हसता हसता खाली बसले. त्यानंतर दोन वर्षं शाळेनं नवी घंटा घेतली नाही.

असा तो आवाज. आज तुम्ही बाबुलालशी बोलायला गेलात तर कान पुढं करावा लागेल. तीन वर्षं झाली, तो ओठातल्या ओठात बोलतो. नवा माणूस विचारतो, "घशाले काही झालं का?" घशाला काही झालेलं नाही. त्या आवाजानं सात लेकरं वाचली, त्यातली एक माझी नात हर्षा. आणि आठवी त्याची स्वतःची एकुलती एक पोरगी प्रेरणा, ती गेली. त्याची बायको गुणाबाई, आमच्या वयनी, तेव्हापासून एकच गोष्ट विचारत होत्या: "पोरीची किती पावलं उरली होती?" ते पाहणारे दोघंच, बाबुलाल आणि मी. दोघांनीही उत्तर दिलं नव्हतं.

ते कसं झालं ते सांगतो. पण आधी हा आवाज कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याचे वडील सुखरामकाका. जातीनं ढीवर. वैनगंगेत मासे धरायचे आणि लोकांना डोंग्यातून पार करायचे. पलीकडच्या काठावर कोणी आलं की डोंग्यासाठी हाक द्यायचं. पण मोठमोठ्या मिशीवाल्यांची हाक अर्ध्या पात्रातच बुडायची. का, तर सगळं एका दमात ओरडायचे. सुखरामकाका हसायचे. आम्हा दोघांना काठावर बसवून शिकवायचे, "पाण्यावरून बोलाचं तर पहिले नाव लंबं सोडाचं. मंग थांबाचं. समोरचा मान वरते करते, तेवढी सवड द्याची. मंग काम सांगाचं. येकच शब्द, गोटा फेकल्यावानी." मला काही ते जमलं नाही. माझी हाक ऐकून पलीकडचा माणूस उलट मलाच विचारायचा, "काय म्हणते बे?" बाबुलालला सातव्या वर्षीच जमलं.

एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत गेला. तिथं नव्या पोरांना आळीपाळीनं बाहेर काढून हुकूम द्यायला लावतात. कोणी किंचाळायचा, कोणी गिळायचा. बाबुलालची पाळी आली. त्यानं शब्द लांब सोडला, थांबला, आणि मग तोडला. साठ जणांच्या टाचा एकदम वाजल्या. त्यांचा उस्ताद डोळे बारीक करून म्हणाला, "किधर सीखा?" हा म्हणाला, "नदीपर, उस्ताद." पुढं तोच उस्ताद झाला. चोवीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही, पोरांना चालवलं, वळवलं आणि थांबवलं.

सुटीवर आला की माझ्या धानाच्या बांधीत, धुऱ्यावर बसून मला समजवायचा. मी धानातलं गवत काढत ऐकायचो.

"हुकूमाचे दोन तुकडे रायते, टेकचंदा. पहिला लंबा. त्यानं माणूस जागा होते. मंग विराम. त्या विरामात शंभर माणसाचा श्वास येका जागी अडकते. आन् दुसरा तुकडा आखूड, तोडून. तो कानात नाही जात. सिद्धा पायात जाते. डोकं मंगून येते."

"मंग फौजेत डोकं कायले हाये?"

"कटिंग कराले."

आम्ही दोघं इतके हसलो की माझ्या हातातलं धानाचंच रोप उपटून आलं.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा, ती मी तेव्हा नीट ऐकली नाही. म्हणायचा, "भेलेला आवाज वरते चढते, पातळ होते. उस्तादाचा आवाज चढाले नाही पाह्यजे. समोर काही बी होऊन राहिलं तरी हुकूम जिथल्या तिथं. कावून का शिपाई शब्द नाही आयकत. आवाजात भेव हाये का नाही, ते आयकते. भेव नसलं का बिनधास्त उभा रायते."

त्याच्या लग्नातली गोष्ट तर अजून गावभर सांगतात. अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लांबवून "शुभमंगल" म्हटलं, जरा थांबले, आणि "सावधान" म्हणताच नवरदेवाच्या टाचा जुळल्या, छाती बाहेर, हात मांडीला, अक्षता खाली. गुणावयनी अंतरपाटाआडून इतक्या हसल्या की त्यांच्या मामांनी त्यांना चिमटा काढला.

लग्नानंतर तेरा वर्षांनी प्रेरणा झाली. ती दोन वर्षांची असताना बाबुलाल पेन्शनवर घरी आला. मग गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं, जुनं गाव गेलं आणि आम्ही सगळे वरच्या माळावर नव्या गावठाणात आलो. एका रेषेत प्लॉट, एका रेषेत खांब. बाकीचे रडत होते, बाबुलाल म्हणाला, "घ्या, सरकारनं गावालेच फॉलिन केलं." रडणारेही हसले. डोंगा विकला, नदी लांब गेली, पण तो रमला, कारण पोरगी वाढत होती. बापाचा आवाज तिच्यात उतरला नव्हता, तिचा आवाज मैनेसारखा. पण पाय बापाचे. शाळेच्या मैदानावर ती धावली की माणसं चहाचा कप हातात धरून उभी राहायची.

ती अठराची झाली तेव्हा त्यानं भरतीसाठी पोरं तयार करायला सुरुवात केली. पोलीस, फौज, जिथं जमेल तिथं. प्रेरणा, माझी हर्षा, त्यांच्या मागं मिथुन, रंजू, असे आठ जण. सकाळी पाचला धावणं, मग कवायत. आणि कवायतीपेक्षा गावाला गंमत होती ती त्याच्या 'थम'ची. पोरं घरी जायला सुटली, गप्पा मारत निघाली, की हा पाठीमागून एकाएकी सोडायचा, "स्क्वाऽऽऽड," विराम, "थम!" जो जिथं तो तिथं. मिथुनचा तंबाखूचा खर्रा तोंडाशी आणलेला, तो हात तसाच. रंजूचा पाय शेणाच्या वर, तो शेणातच पडायचा, पण हलायची नाही. एकदा माझी बैलजोडीही थांबली. मी बैलांना म्हटलं, "तुमाले कोण भरती करून राहिलं बे?"

आणि मी काय करायचो, ते लपवत नाही. पाहुणा आला की त्याला मैदानावर न्यायचो आणि म्हणायचो, "बाबुलाल, दाखव ना येक डाव." तो कधी नाही म्हणायचा नाही. पाहुणे टाळ्या वाजवायचे. प्रेरणा सगळ्यांत कडक थांबायची. धावता धावता थांबली तरी पापणीसुद्धा हलायची नाही. बाप तिच्यापुढून जाताना मिशीत हसायचा.

आता त्या दिवसाचं.

सप्टेंबर सरत आला होता. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी उघाड. आठ जण धावायला निघाले. जुन्या गावाकडं जाणारी वाट एका नाल्यावरून जाते, त्यावर सिमेंटचा रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या बरोबरीनंच केलेला रस्ता. पलीकडची चढण चढून वळायचं आणि परत यायचं, हे रोजचंच. रपट्यावर घोट्याएवढं पाणी होतं, तेही रोजचंच. बाबुलाल अलीकडच्या उंचवट्यावर उभा होता. मी सायकल धरून त्याच्या बाजूला. प्रेरणा नेहमीसारखी बरीच पुढं गेली होती, रपटा जवळजवळ पार केलेला. बाकीचे सात उताराच्या घळीत होते, दोन्ही बाजूंना बेशरमाची झुडपं, त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. हर्षा त्या सातांत पहिली. तिचा एक पाय पाण्यात पडला होता.

वरच्या अंगाला एका बोडीची पाळ फुटली होती, हे आम्हाला मागून कळलं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं, पण रात्रभराचा पाऊस तिच्यात साठलेला. आम्ही पाहिलं ते एवढंच, की नाल्याच्या वळणावरून मातीच्या रंगाची एक भिंत निघाली, तिच्यात आडवं झालेलं एक झाड.

माझ्या तोंडून काहीच निघालं नाही. बाबुलालच्या तोंडून निघालं.

"स्क्वाऽऽऽड," विराम, "थम!"

मैदानावर निघायचं तसंच. एक केसही इकडंतिकडं नाही. ती ओढ, तो विराम, तो तोडलेला शब्द. सातही जण घळीत खिळल्यासारखे थांबले. हर्षा पाण्यात एक पाय ठेवून थांबली. आणि रपट्याच्या पार टोकाशी प्रेरणाही थांबली. टाच जुळली, हात मांडीला, नजर समोर. तिनं वळून वरच्या अंगाला पाहिलं नाही. कशाला पाहील? बाप मागं उभा होता आणि त्याच्या आवाजात भीती नव्हती.

मग पाणी आलं, त्यानं हर्षाला मागच्या सहांवर लोटून दिलं आणि रपटा दिसेनासा झाला.

दोन दिवसांनी बाबुलालच्याच भावकीतल्या लोकांनी दोन कोस खाली जाळी टाकून तिला काढलं. यापुढचं मी सांगत नाही.

सात घरं बाबुलालच्या पाया पडायला आली. त्यानं दार उघडलं नाही. पंचनाम्याला मला विचारलं, मुलगी टोकापासून किती अंतरावर होती? मी म्हटलं, "डोळ्यात पाणी उडालं, नीट दिसलं नाही." उंचवट्यावर, पन्नास हातांवरून, डोळ्यात कसलं पाणी उडतं? पण साहेबांनी लिहून घेतलं. वयनी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी लिहून घेतलं नाही.

वयनींचं म्हणणं सरळ होतं. हुकूम दिला नसता तर पोरगी पार गेली असती का? गेली असती तर तिला तिच्या बापाच्या आवाजानं मारलं. नसती गेली तर पाण्यानं. पाण्याशी त्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं होतं, पाण्याला त्यांनी माफ केलं असतं. म्हणून त्या विचारायच्या, "किती पावलं?" बाबुलाल उठून बाहेर जायचा. त्यातून त्या दोघांचं बोलणंच थांबलं. एकाच घरात दोन चुली नव्हत्या एवढंच. ताट सरकवलं जायचं, शब्द नाही.

भरतीची पोरं त्याच्याकडं येऊन थकली. हर्षानं एकदा भंडाऱ्याहून शिटी आणली. म्हणाली, "उस्ताद, आवाज नका देऊ, शिटी वाजवा." त्यानं शिटी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "शिटी बी हुकूमच होय, बेटा."

हर्षा तरीही लागली, पोलिसात. यंदा मार्चमध्ये ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या घरी पेढे घेऊन गेली, मीही गेलो. ती दोघांच्या पाया पडली. वयनींनी तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, पेढा खाल्ला. ती बाहेर गेल्यावर माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमची लेक पार लागली. माही किती पावलावर होती?"

मी पेढा परत डब्यात ठेवला. बाबुलाल भिंतीकडं तोंड करून बसला होता.

दुसऱ्या आठवड्यात तो सकाळीच माझ्या दारात आला. "चाल गा, रपट्यावर जाऊ."

नाला आटला होता. रपटा उघडा पडलेला, मधे भेगा, कडेनं चुना लावलेले वाटदर्शक दगड, काही पडलेले. पार टोकाकडचे शेवटचे दोन मात्र उभे होते. बाबुलाल मधोमध थांबला आणि म्हणाला, "तू पाह्यलं. दाखव, कोठी होती."

ती शेवटच्या दगडापाशी होती. मी तीन वर्षं रोज पाहतो ते. मी शेवटच्याच्या आधीच्या दगडाकडं बोट केलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग त्या दगडापाशी जाऊन उभा राहिला, टाचा जुळवल्या, आणि चालत गेला. पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पण पाऊल पडायचं ते तीस इंचांचं, फौजेत मोजून पाडतात तेवढंच. पार टोकाला पोचला.

"नऊ," तो म्हणाला.

"हो. नऊच."

"धावत नऊ म्हटले तरी दोन-अडीच सेकंद. पाणी त्याच्या आधी येते."

"येतेच ना."

"म्हणजे हुकूम नसता देल्ला तरी..."

"तरी बी नसती गेली, बाबुलाल."

तो टोकाच्या चढणीवर खाली बसला. मीही बसलो. माझा ऊर हलका झाला होता, वाटलं, बरं झालं, एकदाचं झालं. तेवढ्यात तो त्या बारीक आवाजात म्हणाला, "टेकचंदा, माहे डोळे तवा बी चांगले होते. तीन होते."

मी त्या शेवटच्या दगडाकडं पाहिलं.

"बापावानी बोंबललो असतो, तर ती भेली असती. भेली असती तर पळाली असती. आवाज उस्तादाचा निघाला गा. चोवीस वर्षांत येवढा बरोबर हुकूम मी देल्ला नाही."

"सात जण वाचले, बाबुलाल. माही हर्षा..."

"मोजू नको. मी बी लय मोजलं."

"तुले मालूम होतं, तर मले इथं कायले आणलं?"

तो हातातला चुन्याचा खडा चुरत राहिला. "गुणासमोर मले खोटं बोलता येत नाही. येकट्याले नाही येत. तू नऊ म्हणशीन का, ते पाहाचं होतं. तू म्हणतलं."

आम्ही परत आलो तेव्हा वयनी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. आम्ही कुठून आलो ते पायांच्या धुळीवरून त्यांना कळलं. सूप थांबलं. त्यांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. बाबुलाल त्यांच्यापुढं उभा राहिला आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला.

"नऊ होते."

त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं, वयनी."

"शपथ घ्या."

"कोणाची घेऊ?"

"जे वाचली तिची."

बाबुलालनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, "हर्षाची शपथ. नऊ होते."

वयनींनी सूप खाली ठेवलं. तोंडावर पदर घेतला आणि रडल्या. पोरगी काढून आणली त्या दिवशी नव्हत्या रडल्या अशा रडल्या. आजूबाजूच्या चार घरांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, पण जवळ कोणी आलं नाही. बाबुलाल त्यांच्या शेजारी टेकला. त्या थोड्या सरकल्या, त्याला जागा होईल इतक्याच.

मी घरी आलो. त्या दिवसापासून माझं जेवण गेलं. दिवसातून तीन-तीनदा हर्षाला फोन लावायचो. "जेवली का? पाय दुखते का? रस्ता पाहून चालत जाजो." ती हसायची, "आबाजी, तुमाले झालं काय?" काय सांगू तिला? आमच्याकडं लेकराची खोटी शपथ घेतली की ती लेकरालाच लागते म्हणतात. मी जन्मभर थापा मारल्या, पण अशी कधी घेतली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी वयनी एकट्याच आल्या. हातात तांब्या होता. मी खाटेवरून उठायच्या आतच म्हणाल्या, "ओंजळ धरा, भाऊजी."

मी ओंजळ धरली. त्यांनी तीत पाणी ओतलं.

"म्हणा, शपथ सुटली."

"वयनी..."

"म्हणा. लेकरू परमुलखात हाये, बंदुकीजवळ. तिच्या माथ्यावर कायले ठेवता?"

मी म्हटलं, "शपथ सुटली." पाणी अंगणात सोडलं. अर्धं पायावरच पडलं.

त्यांनी रिकामा तांब्या पदरानं पुसला. जाता जाता दारात थांबल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "त्याइले सांगू नका. आताशा दोन घास जेवून राहिले."